पोलीसगाडीची दुसरी नोकरी

फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया हॉलिवूडच्या चित्रपटांत आपण शेकडो वेळा पाहिली आहे. न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी तीच आणि डोक्यावर लाल-निळे दिवे मिरवणारी पोलीसगाडीही तीच. कॅनडातल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यातून सप्टेंबर २०११मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. पोलीस खात्यांनी पुढची काही वर्षं आपापल्या गाड्या वापरल्या, मग लिलावात काढल्या. त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या. काही मात्र गावोगावच्या छोट्या रेसट्रॅकवर पोहोचल्या. तिथे आता ‘क्राउन व्हिक’ नावाचा स्टॉक कारचा, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीपासून बांधलेल्या रेसकारचा, एक नवा वर्ग उभा राहतो आहे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला, शेतकऱ्याला, शिक्षकालाही स्वतःच्या हातांनी बांधून पळवता येईल अशी रेसकार, हे त्या वर्गाचं उद्दिष्ट.

या शर्यतींचं जग टीव्हीवरच्या नॅस्करच्या मोठ्या स्टॉक कार शर्यतींपेक्षा फार वेगळं आहे. पाव मैल ते अर्धा मैल लांबीचा अंडाकृती ट्रॅक, कुठे डांबरी, कुठे मातीचा. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी दिवे लागतात आणि तास-दोन तासांच्या परिसरातली माणसं आपापल्या गाड्या ट्रेलरवर घालून येतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम शहरात बोमन ग्रे स्टेडियम आहे. तिथे फुटबॉलच्या मैदानाभोवतीच पाव मैलाचा ट्रॅक आहे. १९४९पासून तिथे उन्हाळ्यात शर्यती होत आल्या आहेत. अशा ट्रॅकचं पोट भरतं ते खालच्या वर्गांवर. वरच्या वर्गातल्या दहा-पंधरा महागड्या गाड्यांनी प्रेक्षक येतीलही, पण मैदान भरायला चाळीस-पन्नास स्वस्त गाड्या लागतात आणि त्यांच्या चालकांची घरची, शेजारची माणसं तिकीट काढून बसावी लागतात.

मग गाडी कोणती घ्यायची? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. जनरल मोटर्सने १९७८ ते १९८८ या काळात मालिबू, मॉन्टे कार्लो, रीगल, कटलस अशा मध्यम आकाराच्या गाड्या एकाच घडणीच्या पोलादी चेसिसवर काढल्या. रेसिंगवाले तिला ‘मेट्रिक’ चेसिस म्हणतात. लाखोंनी बनलेली, मागच्या चाकांवर चालणारी, चेसिस वेगळी नि बॉडी वेगळी. ठोकर बसली तर चेसिस सरळ करा, पत्रा बदला, पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. पण चाळीस वर्षांत त्या गाड्या गंजल्या, तुटल्या, संपल्या. त्यात २००९मध्ये अमेरिकी सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढण्याची योजना आणली. पावणेसात लाखांहून जास्त गाड्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची निकामी केली गेली. दरम्यान नव्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि वेगळी चेसिस नसलेल्या झाल्या होत्या. क्राउन व्हिक्टोरिया ही जुन्या घडणीची जवळजवळ शेवटची अमेरिकी सेडान. तिच्यात ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे आणि पोलिसांसाठी दिलेलं जास्तीचं कूलिंग, जाड सस्पेन्शन, मोठे ब्रेक आयतेच मिळतात.

ती बांधायची कशी, हे पाहण्यासारखं आहे. आधी गाडी पूर्ण नागडी करायची. सीट, गालिचे, छताचं कापड, दारांच्या काचा, एअरबॅग, सगळं बाहेर. वायरिंगला हात लावताना मात्र जपावं लागतं, कारण इंजिनाचा संगणक ज्या तारांवर जगतो त्यातली एक चुकून कापली गेली तर गाडी सुरूच होत नाही. मग रोल केज. साधारण पावणेदोन इंच व्यासाची, सुमारे २.४ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी वाकवून चालकाभोवती पिंजरा करतात आणि तो थेट चेसिसला वेल्ड करतात. चालकाच्या दाराशी तीन-चार नळ्या बाहेरच्या बाजूला कमानीसारख्या फुगवतात, म्हणजे बाजूने धडक बसली तर वाकायला जागा राहते. खिडकीला जाळी, ॲल्युमिनियमची खोल सीट, पाच टोकांचा पट्टा. पेट्रोलच्या टाकीकडे तर खास लक्ष द्यावं लागतं. क्राउन व्हिक्टोरियाची मूळ टाकी मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे बसते. मागून जोरदार धडक बसून गाडी पेटल्याने अमेरिकेत पोलिसांचे जीव गेले आहेत, खटले झाले आहेत. शर्यतीत मागून धक्का बसणं तर रोजचंच. म्हणून ती टाकी काढून डिकीत पोलादी पेटीतली रबरी फ्युएल सेल बसवणं हाच शहाणपणा.

माझं स्पष्ट मत आहे की, स्वस्त वर्गाच्या नावाखाली सीट, पट्टे, हेल्मेट यांत काटकसर करू देणारा आयोजक ट्रॅक चालवायला लायक नाही. पट्टे दर दोन वर्षांनी बदलावे लागतात. ते उन्हाने, घामाने, तेलाने कमजोर होतात. हा खर्च टाळता येत नाही, टाळूही नये. स्वस्ताई आणायची ती इतर ठिकाणी, आणि ती आणायचं हत्यार म्हणजे नियमावली.

नियम लिहिणं पाना-वेल्डिंगपेक्षा अवघड आहे. क्राउन व्हिक्टोरियाचंच पाहा. १९९८मध्ये तिचं मागचं सस्पेन्शन बदललं. २००३मध्ये नवी चेसिस आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग आलं. म्हणजे एकाच नावाच्या गाड्यांत वळण घेण्याची धाटणी वेगळी. नव्या गाडीवर थोडं वजन लादायचं की जुनीला काही सवलत द्यायची, हे पहिल्या शर्यतीआधी ठरलं नाही तर हंगामाच्या मध्यावर सगळे नवीच गाडी शोधत फिरतात आणि लिलावातली किंमत चढते. गाडीचं वजन सुमारे १८०० किलो. ट्रॅकवर फक्त डावीकडे वळायचं असल्याने या भाराचा मोठा वाटा पुढच्या उजव्या टायरवर येतो. तिथे मऊ रेसिंग टायरना परवानगी दिली, तर पैसेवाला दर आठवड्याला नवा टायर लावणार. सगळ्यांना एकच कडक टायर सक्तीचा केला की तो फरक मिटतो.

हा खेळ जन्मापासून नियमांच्या याच प्रश्नाशी झगडतो आहे. १९ जून १९४९ रोजी शार्लट इथे नॅस्करची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. नियम एकच: गाडी शोरूममधून निघाली तशीच हवी. ग्लेन डनअवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा ताणून बसवलेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहणारे हीच युक्ती करत. त्याला बाद करून जिम रोपरला विजयी ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. तपासता येतो तोच नियम टिकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

यावरचा सर्वांत कल्पक उपाय आयोवातल्या व्हिंटन गावात निघाला. कीथ नॅक यांनी १९७९मध्ये आयएमसीए या शर्यत-संघटनेचा ‘मॉडिफाइड’ हा वर्ग सुरू केला. त्यात शर्यतीनंतर प्रतिस्पर्ध्याला ठरलेली, अगदी थोडी रक्कम देऊन तुमचं इंजिन मागता येई. नाकारलं तर बक्षीस आणि गुण गेले. मग हजारो डॉलर ओतून इंजिन बांधणार कोण? या एका कलमाने जे साधलं ते शंभर तपासनीसांनी साधलं नसतं. पुढे जनरल मोटर्सने कारखान्यातूनच सीलबंद इंजिन विकायला काढलं. ३५० अश्वशक्तीचं ते इंजिन ‘६०२’ म्हणून ओळखलं जातं. त्याचे खास बोल्ट फोडल्याशिवाय ते उघडता येत नाही.

आपल्याकडे स्टॉक कारची परंपरा नाही, पण ही बुद्धी परकी नाही. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही स्वस्त रेसकार बांधली. नारायण कार्तिकेयनची कारकीर्द तिच्यातूनच सुरू झाली. बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेसाठी पुण्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी नळ्या वाकवून गाड्या बांधतात. तिथेही पेट्रोल गाड्यांच्या गटात संघांना इंजिन एकच असतं, त्यामुळे कस लागतो तो डोक्याचा आणि हातांचा. केज वेल्ड करू शकणारे कारागीर पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत जागोजाग आहेत आणि जुन्या गाड्यांची तर वाणच नाही.

म्हणून कुणी महाराष्ट्रात असा वर्ग सुरू करायचं मनावर घेत असेल, तर त्यांना एक विनंती. गाडी निवडण्याआधी नियमावली लिहा, आणि ती तपासणारा असा माणूस नेमा, ज्याची स्वतःची गाडी शर्यतीत नाही. सीट आणि पट्टे यांवर सूट देऊ नका. टायर एक ठेवा, इंजिन सील करा आणि पहिली तीन वर्षं एकही कलम बदलू नका.