गांजाचा गुण कोठे जातो?

वर्षाची हळद आणि तिखट करून झाले म्हणजे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका ते माजघरातल्या खिडकीत मांडून ठेवीत नसत. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरून, तोंडाला फडके बांधून, कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याची रवानगी होई. औषधविक्याच्या फळीवर कित्येक औषधे तपकिरी काचेच्या बाटलीत असतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. उजेड आणि हवा या दोन गोष्टी माणसाला जगवतात, पण पुष्कळ वनस्पतिद्रव्यांना त्याच मारतात. हे कसे घडते, हे एका बदनाम वनस्पतीच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे.

गांजाचे नाव काढताच काहींच्या भुवया उंचावतील. व्यसनाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु या वनस्पतीने शंभर वर्षे डॉक्टरांना जो चकवा दिला, त्याची कथा औषधशास्त्राच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. झाड एकच, त्याची पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा, आणि अंगावर सुटणारी राळ तो चरस. अंमल आणणारे द्रव्य या राळेत असते. मादी फुलोऱ्यावर सूक्ष्म केसांसारखे देठ असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला राळेने भरलेली इवलीशी कुपी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती टाचणीच्या डोक्यासारखी दिसते. या कुप्या पुढे आपल्या कथेत महत्त्वाच्या ठरणार आहेत.

१८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी जनावरांवर, मग संधिवात आणि धनुर्वात यांसारख्या विकारांनी पिडलेल्या रोग्यांवर त्यांनी ते वापरले. पुढे त्यांच्यामुळे ते विलायतेस पोहोचले आणि मुंबईहून लंडनच्या बाजारात गांजाचे गठ्ठे जाऊ लागले. त्यापासून अर्क आणि टिंक्चर तयार होऊन औषधांच्या दुकानांत मांडले गेले.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. एका बाटलीतील दहा थेंबांनी रोग्याला शांत झोप लागे. दुसऱ्या बाटलीतील तीस थेंबांनीही काही होत नसे. डॉक्टर मात्रा वाढवीत, आणि नेमकी नवी ताजी बाटली हाती आली की तोच रोगी भ्रमिष्टासारखा बरळू लागे. औषध खोटे म्हणावे तर कालच त्याने गुण दिलेला. खरे म्हणावे तर आज ते पाण्यासारखे. अमेरिकेच्या औषधसंहितेने तर १९१६ साली या औषधाची परीक्षा कुत्र्यांवर करावयास सांगितले. कुत्रा किती झोकांड्या खातो यावरून औषधाचा जोर ठरवावयाचा! १९३२ साली ब्रिटिश औषधसंहितेतून आणि १९४२ साली अमेरिकेच्या संहितेतून ते नाहीसे झाले. याला नवी औषधे आणि नवे कायदे हीही कारणे होती. पण ज्याची मात्रा सांगता येत नाही ते औषध कोणता डॉक्टर बिनघोर लिहून देईल?

मात्रा का सांगता येत नव्हती, याचे उत्तर रसायनशास्त्राने हळूहळू दिले. १८९६ साली केंब्रिजचे वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून एक लालसर तेल काढले. त्यातून पुढे ‘कॅनॅबिनॉल’ हे शुद्ध द्रव्य हाती आले, आणि गांजाचा जीव तो हाच अशी समजूत काही काळ रूढ झाली. खरा चोर सापडला तो १९६४ साली. इस्राएलमधील गाओनी आणि मेशूलम यांनी ‘टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल’ हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली. त्याला आपण थोडक्यात टीएचसी म्हणू. गंमत अशी की, या टीएचसीच्या रेणूतून हायड्रोजनचे चार अणू निघून गेले की जे उरते तेच कॅनॅबिनॉल! त्याचा अंमल फारच थोडा. म्हणजे पहिल्या संशोधकांच्या हाती जे लागले ते जळून गेलेल्या लाकडाच्या कोळशासारखे होते.

हा ऱ्हास कशाने होतो? लंडनमधील फेअरबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली याचा नीट हिशेब मांडला. सर्वांत मोठा शत्रू उजेड. त्यासाठी कडक ऊन लागत नाही, खोलीतला साधा उजेडही पुरतो. आणि पातळ द्रावणाला तो सर्वाधिक भोवतो. मद्यार्कातील द्रावण टिकते असे पूर्वी म्हणत, तेही खरे ठरले नाही. फळीवरच्या टिंक्चरचे रहस्य येथे उलगडते. दुसरा शत्रू हवेतला प्राणवायू. त्या राळेच्या कुप्या शाबूत असतील तर त्या निसर्गाने बूच मारलेल्या बाटल्याच होत; पण माल चुरडला, दाबला, पुन्हापुन्हा हाताळला की बूच उडते आणि हवा आत शिरते. उष्णतेचे म्हणाल तर वीस अंशांपर्यंत तिचा परिणाम नगण्य आढळला. अधिक उष्ण हवेत मात्र ऱ्हासाचा वेग वाढतो. दमट हवेत बुरशीचे भय वेगळेच. नीट वाळवून अंधारात ठेवलेला माल मात्र वर्ष-दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात साध्या खोलीच्या तापमानात ठेवलेल्या नमुन्यांची मोजदाद झाली. टीएचसीची घट पहिल्या वर्षाअखेर सरासरी सुमारे १७ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर २७, तिसऱ्याअखेर ३४-३५ आणि चौथ्याअखेर ४१ टक्के भरली. ठेवीवरचे व्याज उलटे फिरावे तसा हा प्रकार. जसजसे मुद्दल आटते तसतशी दरसालची तूटही कमी होते. घटणारे टीएचसी आणि वाढणारे कॅनॅबिनॉल यांच्या प्रमाणावरून मालाचे वय अजमावता येते. पण येथेही उजेड घोटाळा करतो. अंधारात हवेने झालेल्या नाशाची खूण कॅनॅबिनॉलच्या रूपाने मागे राहते; उजेडाने झालेल्या नाशात कॅनॅबिनॉल वाढतच नाही. तेव्हा ज्या मालाने उजेड पाहिला त्याचे हे घड्याळ भरवशाचे राहत नाही.

या ऱ्हासाचे शेवटचे टोक पाहावयाचे तर चीनमधील तुर्फानजवळच्या यांघाय येथील थडग्यात डोकवावे. तेथे सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा ७८९ ग्रॅम गांजा मिळाला. २००८ साली त्याचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. वाळवंटाच्या कोरड्या हवेत त्याचा हिरवा रंग टिकला होता. टीएचसी मात्र उरले नव्हते. मुख्यतः सापडले ते कॅनॅबिनॉल. रूप राहिले, गुण गेला.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा वीस किलोंपासून धरली जाते. हे माप वजनाचे आहे, गुणाचे नव्हे. ताजा किलो आणि चार वर्षांचा शिळा किलो कायद्याच्या तराजूत सारखेच. न्यायालयाला ते सोयीचे असेल. वैद्याला मात्र तसे करून चालत नाही. नेदरलंड्समध्ये २००३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध मिळते, ते टीएचसीचे प्रमाण ठरवून दिलेल्या बंद डब्यातून. ओशॉनेसींच्या काळी नेमकी हीच सोय नव्हती.

या सर्वांतून घ्यावयाचा धडा एकट्या गांजापुरता नाही. औषधाचे नाव आणि वजन म्हणजे औषध नव्हे. ते कसे वाळवले, कशात भरले, किती दिवस कोणत्या उजेडात राहिले, हेही औषधाचेच भाग आहेत. घरी गेल्यावर आपल्या औषधांचे कपाट एकवार उघडून पाहावे. खिडकीत उन्हाला ठेवलेली बाटली आणि मुदत उलटून गेलेली पुडी काय सांगते, ते आता निराळे समजावून सांगावयास नको.