राउटर बंद करण्याआधी

वडोदऱ्याच्या गोरव्यातल्या एखाद्या सोसायटीत रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप उघडा आणि आसपासच्या वाय-फायची यादी पाहा. वरच्या मजल्यावरचं, समोरच्या विंगमधलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलचं, अशी पंधरा-वीस नावं सहज दिसतात. ती लॅपटॉपला कळली कशी? बहुतेक राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतात. रात्रंदिवस, कोणी ऐको न ऐको.

आणि ते पुकारणं किती क्षीण होऊन पोचतं! लॅपटॉपवर लिनक्स असेल तर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'आयडब्ल्यू' या आज्ञेने सिग्नलचा आकडा पाहता येतो. समजा तो उणे ६० आला. म्हणजे अँटेनापर्यंत आलेली शक्ती एका वॉटचा एक अब्जावा भाग! उणे ७० असेल तर त्याचाही दहावा हिस्सा. एवढ्याशा कुजबुजीतून पुण्याला शिकणाऱ्या लेकीचा हलता-बोलता चेहरा पडद्यावर उभा राहतो. उणे ८० च्या खाली मात्र चेहरा अडखळू लागतो. उत्तरायणाला सगळं घर गच्चीवर असतं आणि तळमजल्यावरच्या राउटरचं नेट तिथे लागत नाही, कारण मधल्या प्रत्येक स्लॅबमधलं सिमेंट आणि सळया ही कुजबुज आणखी गिळतात.

नेट अडलं की आपला हात थेट राउटरच्या बटणाकडे जातो. बंद, दहा आकडे मोजा, चालू. गंमत म्हणजे बरेचदा तेवढ्याने काम होतं, कारण त्या एका कृतीत चार-पाच उपचार एकदम होतात. राउटरची स्मृती कोरी होते, कंपनीशी जोडणी नव्याने होते, घरातल्या यंत्रांना पुन्हा पत्ते वाटले जातात, कधी कधी रेडिओचा चॅनलही बदलतो. पण यातला कुठला उपचार लागू पडला? ते कळायची सोय उरत नाही. सगळा पुरावा पुसला गेलेला असतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की बटण शेवटी दाबा. आधी दोन मिनिटं लॅपटॉपलाच विचारा. लिनक्स या बाबतीत फार मोकळ्या मनाचं आहे. तुमच्या आणि जगाच्या मध्ये काय बोलणं चाललंय, ते सगळं ऐकू देतं.

पहिलं बोलणं पत्त्याचं. नुकत्याच जोडलेल्या लॅपटॉपला ना स्वतःचा पत्ता माहीत असतो, ना राउटरचा. मग निरोप धाडायचा कुणाच्या नावाने आणि कुणाला? तो पाठवणाऱ्याच्या जागी लिहितो ०.०.०.०, म्हणजे 'मी अजून कोणीच नाही'. घेणाऱ्याच्या जागी लिहितो २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे 'जो ऐकेल तो'. राउटर ऐकतो आणि म्हणतो, '१९२.१६८.१.७ मोकळा आहे, घेतोस?' लॅपटॉप म्हणतो, 'घेतो.' राउटर म्हणतो, 'दिला, पण ठरावीक मुदतीसाठी.' चार वाक्यांत करार पूर्ण, आणि तोही बहुधा डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर. पुढे निम्मी मुदत संपली की लॅपटॉप तुम्हाला कळूही न देता मुदत वाढवून घेतो!

हे झालंय की नाही, ते 'आयपी ए' या आज्ञेने दिसतं. १९२.१६८ वाली ओळच नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर हाक गेली पण उत्तर आलं नाही. अशा वेळी घरातला मोबाइल त्याच वाय-फायवर जोडून पाहा. त्याला पत्ता मिळाला तर राउटर बिचारा निर्दोष आहे, दुखणं लॅपटॉपचं. लिनक्समध्ये ते बहुधा वाय-फाय कार्डाच्या फर्मवेअरमध्ये सापडतं, विशेषतः नुकतंच अपडेट झालं असेल तर. 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलची रोजनिशी उघडते आणि त्यात फर्मवेअर मिळालं नसल्याची तक्रार चक्क शब्दांत लिहिलेली असते. जोडणी मधूनमधून डुलक्या घेत असेल तर कार्डाची वीजबचत बंद करून पाहावी.

पत्ता ठीक असेल तर पुढची आज्ञा 'पिंग'. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कमधला एक बिघाड शोधण्यासाठी ही आज्ञा एका रात्रीत लिहिली. पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो, त्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. आधी राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नक्की कोणता ते 'आयपी राउट' सांगते. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत आलं तर घरातलं सगळं शाबूत आहे.

आता उंबरठ्याबाहेर जाऊ. इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करा. समजा उत्तराच्या ओळीत दिसलं, टीटीएल ५७, वेळ १० मिलिसेकंद. इथे जरा थांबा, कारण या दोन आकड्यांत खजिना आहे.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १० मिलिसेकंदांत फार तर २,००० किलोमीटर. त्यात जाणं आणि येणं दोन्ही, म्हणजे उत्तर देणारा संगणक वडोदऱ्यापासून १,००० किलोमीटरच्या आतच असला पाहिजे! हा पत्ता चालवणारी कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. ते शहर इथून सुमारे १३,००० किलोमीटरवर. तिथे जाऊन परत यायला प्रकाशालाच १३० मिलिसेकंद लागतील. मग उत्तर दिलं कोणी? तोच पत्ता जगातल्या शेकडो शहरांत एकाच वेळी नांदतो आणि तुमची हाक त्यातल्या एखाद्या सोयीच्या ठिकाणाकडे वळवली जाते. शाळेतल्या भागाकाराने, गोरव्यातल्या खुर्चीवर बसून, तुम्ही हे सिद्ध केलंत.

दुसरा आकडा टीटीएल. प्रत्येक निरोपावर निघताना एक संख्या लिहिलेली असते, बरेचदा ६४. वाटेतला प्रत्येक राउटर तीतून एक वजा करतो आणि शून्य झालं की निरोप टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेले निरोप जगभर कायमचे घिरट्या घालत राहिले असते. ६४ चे ५७ झाले, म्हणजे परतीच्या वाटेवर सात राउटरांचे हात लागले. निरोप टाकणारा राउटर सहसा तसं कळवतोही, आणि लॉरेन्स बर्कलीच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी याच सौजन्यातून एक अफाट युक्ती काढली. मुद्दाम १ लिहून निरोप पाठवायचा, तो पहिल्या राउटरवर मरतो आणि मरताना त्याचा पत्ता सांगतो. मग २, मग ३. मरणाऱ्या निरोपांकडून आख्ख्या रस्त्याचा नकाशा! हीच 'ट्रेसराउट'. तिच्यात मध्येच चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, काही राउटर मुळातच अबोल असतात. चांदण्या शेवटपर्यंत हटल्या नाहीत तर मात्र वाट कुठे तुटली याचा अंदाज येतो.

पण १९२.१६८.१.७ हा पत्ता तर शेजारच्या घरातही कोणाचा तरी असणार. मग उत्तर नेमकं तुमच्याकडेच कसं येतं? १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. माणसांनाच पुरत नाहीत, तर टीव्ही आणि कॅमेऱ्यांना कुठून पुरणार? म्हणून बाहेर जाताना राउटर तुमचा घरगुती पत्ता खोडून आपला लिहितो आणि वहीत नोंद ठेवतो. सोसायटीच्या नावाने आलेलं कुरिअर कोणत्या फ्लॅटचं हे जसं वॉचमनलाच ठाऊक असतं, तसंच हे. ही वही कधी तुंबते, आणि बंद-चालू केल्यावर नेट सुधारण्याचं एक कारण तेच.

आणि १.१.१.१ ला पिंग जातो, पण संकेतस्थळ उघडत नाही, असं झालं तर? रस्ता ठीक आहे, नावावरून पत्ता काढणारा विभाग, म्हणजे डीएनएस, झोपलाय. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचलेली ही व्यवस्था आज देवनागरी नावंही ओळखते. २०१४ पासून '.भारत' ने संपणारं नाव घेता येतं. वाटेत ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक वेषात प्रवास करतं. इलाज सोपा आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता स्वतः लिहायचा आणि जोडणी पुन्हा लावायची.

राउटरला पिंग जातो, बाहेर कुठेच जात नाही आणि फायबरच्या खोक्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागलाय, तर मात्र लॅपटॉपशी झटापट थांबवा. प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये. तक्रार नोंदवताना 'नेट बंद आहे' एवढ्यावर थांबू नका, ही तिन्ही निरीक्षणं सांगा. मग 'राउटर बंद करून चालू करा' यात वेळ जाणार नाही, आणि येणारा माणूस तार तपासायच्या तयारीनेच येईल.