कोडावरील उपचार आणि डॉक्टरांची निवड

आपल्या भालकी, औराद, आळंद भागात एखाद्या मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसला, की घरच्यांना पुष्कळदा पहिली चिंता वाटते ती तिच्या लग्नाची. डाग झाकला जातो, आणि उपचार सर्वांत गुणकारी ठरावयाचा काळच हातून निसटतो. म्हणून या विकाराची शास्त्रीय माहिती असणे अगत्याचे आहे.

त्वचेला वर्ण देणाऱ्या रंगपेशींवर शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून हल्ला करते व त्या नष्ट होतात, तेव्हा कोड उठते. त्यास 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याचा प्रघात होता. परंतु कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो व त्याच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्शज्ञान मंदावते. कोडाच्या डागावर ते शाबूत असते. कोड स्पर्शाने वा सहभोजनाने पसरत नाही. मासे व दूध एकत्र खाल्ल्याने ते उठते, या समजुतीसही आधार नाही.

मग डॉक्टर उपचार कसा निवडतात? डाग वाढत आहेत की स्थिर आहेत, किती भागावर व कोणत्या जागी आहेत आणि रुग्णाचे वय काय, हे ते प्रथम पाहतात. टिकलीच्या गोंदातील अथवा रबरी चपलेतील रसायनाने डाग पडला असेल, तर ती वस्तू आधी बंद करवितात.

डाग थोडे असल्यास स्टिरॉइडचे मलम देतात. परंतु ते फार दिवस लावल्याने त्वचा पातळ होते. म्हणून चेहरा व पापण्या अशा नाजूक जागी टॅक्रोलिमस मलम पसंत करतात. डाग झपाट्याने वाढत असतील, तर वाढ रोखण्यासाठी काही काळ पोटातून औषध देतात. डाग अंगभर असल्यास 311 नॅनोमीटर लांबीच्या जंबुपार किरणांचा उपचार आठवड्यातून 2-3 वेळा, कित्येक महिने करावा लागतो. आयुर्वेदातील बावचीचे तत्त्वही प्रकाशाचेच. तिच्यातील सोरॅलेनमुळे त्वचेवर उन्हाचा परिणाम वाढतो. परंतु आपल्या भागातील कडक उन्हात प्रमाण चुकल्यास त्वचा भाजून फोड येतात. तेव्हा हा प्रयोग घरी करू नये.

डागातील केस काळे असतील, तर त्यांच्या मुळाशी रंगपेशी शिल्लक असतात व तेथूनच रंग परततो. केस पांढरे झाले असतील, किंवा डाग ओठांवर वा बोटांच्या टोकांवर असेल, तर औषधांस यश कमी येते. असा डाग निदान 1 वर्ष स्थिर राहिल्यास निरोगी त्वचेचे वा रंगपेशींचे रोपण करता येते. वाढत्या कोडात शस्त्रक्रिया केल्यास जखमेच्या जागीच नवा डाग उठण्याचा धोका असतो.

2022 साली अमेरिकेत 12 वर्षांवरील रुग्णांसाठी रुक्सोलिटिनिब मलमास मान्यता मिळाली. तथापि हमखास व कायमचा गुण देणारे औषध अद्याप नाही. तसे वचन देणाऱ्यापासून सावध असावे. बीदर व कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःचे कोड न लपविता 'श्वेता' ही संस्था उभी केली. 2006 सालच्या 'नितळ' या मराठी चित्रपटाचा विषयही कोडच होता. विद्यार्थी मित्रहो, डागावर औषध डॉक्टर देतील. पण शेजारच्या बाकावरील मित्राच्या मनातील संकोच दूर करणे आपल्याच हाती आहे.