मोहोरावरचा फवारा आणि रक्तातील साखर

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आंबेबागांत मोहोरावर तुडतुडे उतरले, की पाठीवर पंप आणि तोंडावर पंचा बांधलेला गडी झाडाखाली उभा राहतो, आणि वर उडविलेले औषध दवासारखे त्याच्याच उघड्या मनगटांवर उतरते. अशा औषधांतील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे केवळ मज्जातंतूंनाच बाधतात असे नव्हे. मदुराई कामराज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १८० दिवस मोनोक्रोटोफॉस हे असेच एक विष दिलेल्या उंदरांच्या आतड्यांतील जीवाणूंनी त्याचे विघटन करून ॲसिटेट निर्माण केले, व त्यायोगे शरीरात साखर घडण्याची क्रिया बळावली, असे आढळले. मनुष्याविषयीचा पुरावा अद्याप सहसंबंधापुरताच असला, तरी हातमोजे, साबण व नियमित रक्ततपासणी यांची तजवीज करणे हे गड्याच्या श्रमांवर फळ खाणाऱ्या प्रत्येक बागायतदाराचे कर्तव्यच होय.