शाळेचे पहिले पाऊल आणि बालमन

जून महिना उजाडला की कोणत्याही बालवाडीच्या दारात एकच दृश्य दिसते. नवा गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली आणि आईचा पदर घट्ट धरून रडणारे मूल. मोठी माणसे म्हणतात, "हट्टी आहे, दोन दिवसांत सरळ होईल." आमच्या मते हा हट्ट नव्हे. 'बारा वाजता आई येईल' म्हणजे किती वेळाने, हे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. आई दिसेनाशी झाली की ती परत येईल याची खात्री त्याला उरत नाही. त्याचे रडणे हे भीतीचे रडणे असते.

येथे आमचीच चूक सांगतो. धाकट्या मुलीला शाळेत घातले तेव्हा बँकेची वेळ गाठायची म्हणून तिची नजर चुकवून आम्ही निघून आलो. परिणाम उलटा झाला. घरातसुद्धा ती आम्हाला नजरेआड होऊ देईना. शाळेत काय झाले असे विचारले तर गप्प बसे.

आठवड्याने ती घरी शाळा-शाळा खेळू लागली. वाट्या ओळीने मांडायची आणि एकेकीला दटावायची, "रडायचं नाही! रडलीस तर बाहेर उभी करीन." मग सर्वांत लहान वाटी मांडीवर घेऊन म्हणायची, "तुझे बाबा येणारेत हं." जे तिने आम्हाला सांगितले नाही, ते वाट्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना भेटून बोललो. तेव्हापासून न सांगता निघून येणे बंद केले. "डबा खाऊन झाला, गाणे म्हणून झाले की आम्ही येऊ," असे सांगू लागलो आणि तसे वागलो. ती लहान वाटीही काही दिवस दप्तरातून शाळेत गेली. पंधरवड्यात रडणे थांबले.

यावरून आम्हाला एक गोष्ट उमगली. मुलाची सर्जनशीलता म्हणजे केवळ चित्रकलेतले बक्षीस नव्हे. जे दुःख शब्दांत मांडता येत नाही ते मूल खेळात, चित्रात, मनाने रचलेल्या गोष्टीत मांडते आणि त्यातूनच नव्या जगाशी जुळवून घेते. तो खेळ मोडला तर त्याचा आधारच मोडतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे वापरले. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. मुलाने शाळेशी जुळवून घ्यावे, याआधी शाळेने मुलाशी जुळवून घेतले पाहिजे, हाच त्याचा अर्थ. 1975 पासून 'अंगणवाडी' हे नाव एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोहोचले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन वर्षांपासूनच्या शिक्षणात खेळाला महत्त्व दिले आहे.

तेव्हा पालकांनी एवढे तरी करावे. मुलाचा निरोप घेऊनच निघावे आणि दिलेली वेळ पाळावी. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. पहिल्याच महिन्यात 'अ आ ई' गिरवण्याची सक्ती नको. घरी आल्यावर "आज काय शिकलास?" या प्रश्नापेक्षा एक कोरा कागद, खडू किंवा चार वाट्या त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि जवळ बसून ऐकावे.

आपल्या संस्थेतील विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. घरातील लहान भावंड यंदा शाळेत जाणार असेल तर रोज अर्धा तास त्याच्याशी खेळा. शिक्षणाने आपल्या घरांत उजेड आणला. त्या उजेडाकडे टाकलेले मुलाचे पहिले पाऊल भीतीचे नसावे, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.