पत्त्यावरील प्राण्याचे गुण

पत्त्यांच्या खेळांत मोठा पत्ता लहान पत्त्यास मारितो, हें आपण सर्व जाणतों. परंतु असाहि एक खेळ आहे कीं, ज्यांत दोन पत्त्यांवरील आंकडे सारखे असूनहि एका लहानशा वाक्यामुळें डावाचा रंग पालटतो. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनीं रचिलेला व १९९३ सालीं प्रसिद्ध झालेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा तो खेळ होय. यांत दोन खेळाडू प्रत्येकीं आयुष्याचे २० अंक घेऊन झुंजतात, आणि भूमीच्या पत्त्यांपासून मिळणारें 'मॅना' नांवाचें बळ खर्चून प्राणी रणांत उतरवितात.

प्राण्याच्या पत्त्यावर खालच्या कोंपऱ्यांत दोन आंकडे असतात. पहिला त्याच्या माऱ्याचा, दुसरा त्याच्या सहनशक्तीचा. 'सेरा एंजल' हा देवदूत आणि 'सेंगिर व्हॅम्पायर' हें रक्तपिपासु पिशाच यांची किंमत सारखीच, ५ मॅना. आंकडेहि सारखेच, ४ व ४. दोघेहि उडणारे, म्हणून उडणारा, अथवा 'जायंट स्पायडर' या कोळ्याप्रमाणें उंच पोंचणारा प्राणीच त्यांस अडवूं शकतो. मग भेद तो कोणता?

देवदूताच्या अंगीं दक्षता आहे. सामान्य प्राणी हल्ल्यास निघाला म्हणजे त्याचा पत्ता आडवा करावा लागतो, आणि आडवा पत्ता शत्रूच्या पाळींत धन्याचें रक्षण करूं शकत नाहीं. देवदूत मात्र हल्ला करूनहि पहाऱ्यास उभाच. हा गुण सतत जागा असतो. पिशाचाचा गुण प्रसंगाची वाट पाहतो : त्यानें ज्यास इजा केली तो प्राणी त्याच पाळींत मेला, कीं पिशाचाचे दोन्ही आंकडे एकेकानें वाढतात. अशा गुणाचें वाक्य 'जेव्हां' या अर्थाच्या शब्दानें सुरू होतें.

तिसरा प्रकार मोल देऊन वापरावयाच्या गुणाचा. 'प्रॉडिगल सॉर्सरर' हा जादुगार ३ मॅनांचा. त्याचे आंकडे अवघे १ व १. परंतु त्याच्या वाक्यांत दोन बिंदूंचें एक चिन्ह आहे. चिन्हाच्या आधीं मोल, नंतर फळ. मोल हें कीं, त्याचा पत्ता आडवा करावा. फळ हें कीं, कोणत्याहि प्राण्यास किंवा खेळाडूस एक अंकाची इजा व्हावी. मात्र नुकताच रणांत आलेला जादुगार धन्याची पुढील पाळी सुरू होईपर्यंत हें करूं शकत नाहीं.

यावरून दोन विद्यार्थ्यांचा वाद एकदां मजपुढें आला. एकानें जादुगार आडवा करून प्रतिपक्षाच्या प्राण्यावर नेम धरिला. दुसऱ्यानें लागलीच 'लाइटनिंग बोल्ट' हा विजेचा पत्ता टाकून जादुगारास मारिलें, व तो म्हणाला, "गुरुजी, कर्ताच मेला, मग क्रिया कशी घडेल?" प्रश्न चतुर खरा, परंतु उत्तर त्याच्या विरुद्ध गेलें. नंतर टाकलेली वीज आधीं कोसळली हें योग्यच. तथापि जादुगाराचें मोल अगोदर देऊन झालें होतें. धनुर्धर पडला म्हणून सुटलेला बाण माघारीं येत नाहीं. त्या मुलाचा प्राणी मेला.

मग जादुगारास मारावें तरी केव्हां? तो उभा व सज्ज असतां वीज टाकली, तर धनी मरणापूर्वीं त्याचा एक प्रहार करवून घेईलच. तो नवा असतां, अथवा आडवा झाल्यानंतर मारिला, तरच प्रतिपक्षाचा लाभ. एवढा डाव त्या दोन बिंदूंत सांठविलेला आहे. आंकडे पाहून जो पत्ता खालीं ठेवितो, त्यास तो कधींच दिसत नाहीं.