भाट्याची खाडी

कोल्हापूरच्या मुलांना नदी चांगली परिचयाची असते. परंतु नदीचा शेवट पाहण्याचा योग त्यांना क्वचितच येतो. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी सारे पठार ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. आंबा घाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला मात्र दोन वाटा असतात. त्यातले जे पाणी पश्चिमेकडे उतरते, ते काजळी नदीतून साखरप्यावरून वाहत रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, भाट्ये गावाजवळ, अरबी समुद्रास मिळते. तेथेच भाट्याची खाडी आहे.

खाडीत गोडे पाणी वरून येते आणि खारे पाणी समुद्राकडून चढते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, त्यास भांग म्हणतात. किनाऱ्यावरील जुनी माणसे घड्याळाऐवजी पंचांग पाहून भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. हिशेब स्थूल असला, तरी नित्याच्या व्यवहारास पुरतो. पाऊणकी कशाला पाठ करावयाची, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास मी हेच उदाहरण देत असे.

ओहोटी लागली की काठाचा काळा चिखल उघडा पडतो. प्रथम पाहणाऱ्यास त्याची किळस येते. पण क्षणभर निश्चल उभे राहावे. डोके वर काढून बसलेली निवटी दिसते. ती मासा असूनही परांच्या आधाराने चिखलावर चालते आणि उड्याही मारते. लहानशा बिळांतून खेकडे बाहेर येतात. त्यांतील एका जातीच्या नराची एक नांगी एवढी मोठी असते की, त्याने ढाल उचलून धरली आहे असा भास व्हावा. बायका वाकून तिसऱ्या वेचतात. पाऊस सरला की उत्तरेकडील थंड प्रदेशांतून तुतवार येतात आणि लांब चोचींनी हाच चिखल धुंडाळतात. वर तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालीत असते. एवढ्या जीवांचे पोट ज्यावर भरते, त्यास घाण कोणी म्हणावे?

काठावर तिवर व कांदळ यांची दाट झाडी आहे. खाऱ्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवराची श्वासमुळे खुंट्यांप्रमाणे जमिनीतून वर येतात. अंगातले जादा मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाची रीत याहूनही नवलाची. त्याचे बीज झाडावरच रुजते आणि त्याचा लांब कोंब भाल्यासारखा खाली चिखलात रुततो. या मुळांच्या जाळ्यात मोठे मासे शिरू शकत नाहीत; त्यामुळे कोळंबीची व अनेक माशांची पिल्ले तेथे निर्धास्त वाढतात आणि मोठी झाल्यावर समुद्रात जातात. झाडी तुटली, तर कोळ्यांचे जाळे रिकामे राहते. भराव घालून जमीन करण्याचा मोह शहरांना फार. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला ठरविला, तो उगीच नव्हे.

खाडीच्या वरच्या अंगास, टेकडीवर, थिबा राजवाडा उभा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीस आणून ठेविले. हा वाडा त्याच्यासाठी 1910 साली बांधून झाला आणि 1916 साली राजा येथेच वारला. टेकडीवरून खाडीचे वळण, पूल आणि पलीकडचा समुद्र एका दृष्टिक्षेपात येतो.

खाली मुखाशी राजिवड्याच्या मच्छीमारांच्या होड्या असतात. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू तेथे साचते, आणि ओहोटीच्या वेळी पाणी एवढे उथळ होते की नाव आत आणणे जिवावरचे काम ठरते. म्हणून मासळी भरलेल्या होड्या मुखाबाहेर नांगर टाकून थांबतात. नावाडी तिथी मोजतो, आकाशाकडे पाहतो आणि भरतीचे पहिले पाणी खाडीत शिरू लागले की नांगर उचलतो.